पहिला आकडा आठ

पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर पहाटे घोडी कुंपणाच्या तारेत अडकली. मागच्या डाव्या पायाच्या हॉकवर, म्हणजे पायाच्या मधल्या मोठ्या सांध्यावर, बाहेरच्या अंगाला, हरभऱ्याएवढं भोक. पाच तासांनी रक्त काढलं तेव्हा ती जेमतेम लंगडत होती. सीरम अमायलॉइड ए, म्हणजे एसएए, हे शरीरात दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन, आला ८ मिलिग्रॅम प्रति लिटर. निरोगी घोड्यात तो २०च्या आत असतो. सगळेच निवांत झाले, मीही. चूक तिथेच होती. यकृतातून एसएए रक्तात उतरायला सहा ते बारा तास लागतात, त्यामुळे त्या आठला काही अर्थच नव्हता. सांध्यावरची जखम होती, सांध्यात सुई घालून आतला द्रव त्याच दिवशी तपासायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मोतद्दार म्हणाला, "डॉक्टरसाहेब, कालच्यापेक्षा बरीच चालतेय." चालणारच, रात्री कुणीतरी तिला फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक पाजलं होतं. या औषधाने लंगडणं झाकतं, एसएए सहसा झाकत नाही. आकडा आला ६४०. पण आदल्या दिवशी मीच धनुर्वाताची लस टोचली होती आणि लसीनेही एसएए चढतो. शिवाय रक्त सांध्याचं नाव सांगत नाही.

मग जखमेपासून लांब, आतल्या-पुढच्या बाजूने, मोठी शीर चुकवून २० गेजची सुई घातली. सुजल्या कातडीतून सुई घालायची नाही, घाण आपणच आत नेतो. निरोगी सांध्यातलं वंगण बोटांत ताणलं की तार धरतं. हे मात्र पाण्यासारखं टपटपलं, गढूळ, नारिंगी. पेशी मोजायला ईडीटीए (गोठू न देणारं रसायन) असलेली नळी, कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, वेगळी बाटली. ईडीटीए नळी अर्धवट भरली तर प्रथिनं मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ती खोटी वाढलेली दिसतात. सुई न काढता तिच्यातूनच ६० मिली निर्जंतुक सलाइन ढकललं आणि ते जखमेतून बाहेर आलं. सांधा उघडा होता, यापुढे वाद नाही. पेशी ६२,००० प्रति मायक्रोलिटर, त्यात ९४ टक्के न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, प्रथिनं ५.२ ग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे सांध्यात जंतुसंसर्ग.

त्याच दुपारी भूल देऊन दुर्बिणीखाली १० लिटर रिंगर लॅक्टेटने सांधा धुतला, शेवटी ५०० मिलिग्रॅम अमिकासिन हे प्रतिजैविक आत. पुढचा माग रक्तावरच ठेवला, कारण वारंवार सुई टोचली आणि अमिकासिन घातलं की त्यानेच सांध्यातल्या पेशी नि प्रथिनं वाढतात. एसएए १,१०० पर्यंत चढला, मग ४१०, पाचव्या दिवशी ३५. फायब्रिनोजेन, दाहात वाढणारं दुसरं प्रथिन, तेव्हाही वरच रेंगाळत होतं.

निघताना मालकांनी विचारलं, "त्या म्हाताऱ्या घोड्याचंही रक्त घ्या ना, दोन वर्षं लंगडतोय." झिजेच्या संधिवातात एसएए हलत नाही. सीटीएक्स-टू, कॉम्प असे कूर्चेचे निर्देशक आहेत, पण वयाने नि व्यायामानेही ते बदलतात. म्हणून त्याच्या पुढच्या पायाच्या फेटलॉकमध्ये, म्हणजे खुरावरच्या सांध्यात, ८ मिली मेपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध घातलं, दहा मिनिटांनी दुडक्या चालीने पळवलं. लंगडणं गेलं, म्हणजे दुखणं त्याच सांध्यात होतं.