डाव्या फ्लोटचा तिसरा कप्पा

सकाळचे पावणेसात. वायव्य ओंटारियोतल्या रेड लेक गावात हाउई बेच्या डॉकवर मी आमच्या ‘बीव्हर’ या सीप्लेनचे, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचे, फ्लोट उपसत होते. जुलै महिना, वारा नावाला नाही, पाण्यावर एक सुरकुती नाही. फ्लोट म्हणजे सीप्लेनला पाण्यावर तोलून धरणारे ॲल्युमिनियमचे दोन लांब पोकळ पाय. आत आडव्या भिंती घालून कप्पे केलेले असतात, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरंगते राहतात. प्रत्येक कप्प्यावर रबरी बूच असतं. बूच काढायचं, हातपंप लावायचा, दट्ट्या ओढायचा आणि मोजत राहायचं. रात्रभरात थोडं पाणी झिरपतंच. चार-पाच झटक्यांत पंप कोरडा ओढायला लागतो आणि आपण पुढच्या बुचाकडे सरकतो.

त्या दिवशी डाव्या फ्लोटचा तिसरा कप्पा वीस झटके झाले, चाळीस झाले, तरी पाणीच देत होता. हवा आली ती ६२व्या झटक्याला. आमचा पंप एका झटक्याला अंदाजे ४०० मिलिलिटर ओढतो. म्हणजे जवळपास २५ किलो पाणी होतं आत, कुठल्याही कागदावर न लिहिलेलं. मी पायलटला हाक मारली, त्याने इंजिनिअरला. सव्वासातला विमान रॅम्पवर ओढलं गेलं. आदल्या दिवशी एका तळ्याच्या उथळ काठाला टेकताना फ्लोट दगडाला घासला होता. तळाच्या सांध्यातलं एक रिव्हेट हललं होतं.

त्या विमानाचे प्रवासी तासभर आधीच येऊन बसले होते. टोरोंटोजवळच्या मिसिसागाहून दोन दिवस गाडी चालवत, तळ्यावर पाच दिवस मासेमारीला आलेले चौघे मराठी गृहस्थ, सगळ्यांत थोरले पासष्टीचे. ९० अंश रेखांशाच्या पश्चिमेला ओंटारियोचं घड्याळ एक तास मागे असतं. फोन आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ बदलत नाही. लवकर आले ते बरंच झालं. याच गफलतीने परतीच्या दिवशी लोक विमानाची चुकीच्या वेळी वाट बघतात, म्हणून वेळापत्रकावर मी प्रत्येक वेळेपुढे ‘रेड लेकची वेळ’ असं लिहिते.

मी त्यांना काट्यावर बोलावलं.

“अगं, फॉर्मात वजन लिहून पाठवलं होतं ना आम्ही?” थोरले काका म्हणाले.

“काका, फॉर्मातलं वजन घरच्या कपड्यांतलं असतं. मला बुटांसकट, जाकिटासकट आणि खिशातल्या पक्कडीसकट हवंय.”

फॉर्मात होतं ८२, ७८, ९० आणि ७४, एकूण ३२४ किलो. काट्यावर भरलं ९१, ८४, १०१ आणि ७९, म्हणजे ३५५. यात लपवाछपवी कोणी केली नव्हती. वजन आठवणीतून लिहिलं जातं आणि आठवण नेहमी दोन वर्षं जुनी असते. सामान भरलं २४३ किलो. दोन्ही मिळून ५९८.

आता दुसरी बाजू. डीएचसी-२ बीव्हरचं पहिलं उड्डाण १९४७चं, इंजिन ४५० अश्वशक्तीचं. फ्लोटवर त्याचं उड्डाणाचं कमाल वजन २३०९ किलो, आणि ही मर्यादा ताणायची नसते. आमचं विमान फ्लोट, दोर, वल्हं, आणीबाणीची पेटी धरून रिकामंच १५७० किलो भरतं. पायलट ८५. त्यांचं तळं उत्तरेला ११० किलोमीटरवर, म्हणजे जायला-यायला मिळून सुमारे सव्वा तास. वर कायद्याने लागणारी अर्ध्या तासाची शिल्लक आणि पाण्यावर फिरायला थोडं. इंजिन तासाला साधारण ६५ किलो पेट्रोल पितं, तेव्हा इंधन १२५ किलो. उरले ५२९. म्हणजे ही मंडळी ६९ किलोंनी जास्त होती, आणि तिसऱ्या कप्प्यातलं पाणी कोणी मोजलंच नसतं तर ९४.

बहुतेक लोक आखणीची सुरुवात मासे कुठे आहेत इथून करतात. मी त्यांना अंतरापासून सुरुवात करायला सांगते. आणखी ५० किलोमीटर लांबचं तळं निवडलं की जाण्यायेण्याचं जादा इंधन ३८ किलोच्या आसपास लागतं, तेवढं सामान खाली राहतं. आधी तळं, मग इंधन, मग माणसं, आणि उरेल त्यात सामान. हा क्रम उलटा केला की असा डॉकवर पसारा मांडावा लागतो.

वजन जास्त झालं तर बिघडतं काय? फ्लोटच्या तळाला मधोमध एक पायरी असते. वेग वाढला की विमानाने त्या पायरीवर चढून पाण्याच्या वरून घसरायला हवं, तेव्हाच पाण्याची ओढ सुटते. जड विमान चढायलाच वेळ घेतं. उन्हाळ्यात हवा विरळ, त्यामुळे पंख आणि पंखा दोघांनाही धरायला कमी मिळतं. पाणी सपाट असलं तर फ्लोट त्याला चिकटल्यासारखे राहतात. लाटांच्या शिरा असल्या की खाली हवा शिरते आणि फ्लोट सुटतात. वारा पडलेल्या सकाळी आमचे लोक मोटारबोट फिरवून मुद्दाम पाणी ढवळून देतात. हाउई बेमध्ये धावायला जागा मुबलक आहे, पण परतताना लहान तळ्यावरून समोरची झाडं ओलांडायची असतात.

इंजिनिअरला तीन तास लागणार होते. तेवढ्यात आम्ही सगळं सामान फळ्यांवर पसरलं. पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके, २४ किलो. ते गाडीत परत गेले, कारण तळ्याचं पाणी गाळून-उकळून पिता येतं आणि तळ्याकाठच्या राहायच्या केबिनमध्ये गाळणी असते. बर्फ १४ किलो, केबिनला गॅसवरचा फ्रीज असताना. रिकामा झालेला दुसरा कूलर ११. बिडाचा तवा आणि कढई ६ किलो. भांडी तिकडे आहेत हे यादीत लिहिलेलं असतं, तरी तव्यावर कोणाचा भरवसा बसत नाही. दोन कडक सुटकेसी ९ किलो, वर त्या बीव्हरच्या मागच्या कोपऱ्यात बसतही नाहीत. कपडे मऊ पिशव्यांत भरले. जीन्स आणि जाड टॉवेल ७. कांदे-बटाटे निम्मे केले, ५. एकूण ७६ किलो उतरलं. सामान १६७, सगळं मिळून ५२२.

रवा मात्र मी काढू दिला नाही. दोन किलो रवा, तिखट, हळद, मीठ, आमसुलं आणि तीन लिटर तेल. वॉलाय हा पांढऱ्या मांसाचा, कमी काट्यांचा मासा, रवा लावून तळला की पाच दिवस रोज खाता येतो. त्याबरोबर तांदूळ ४ किलो, कणीक ४, मूगडाळ दीड, पोहे १. चौघांना पाच दिवस पुरून वर दोन दिवसांचं उरतं, आणि ते दोन दिवस हिशेबात धरायचेच. ढग खाली आले किंवा वणव्याचा धूर पसरला तर विमान येत नाही, कारण पायलट डोळ्यांनी बघून उडवतो. वणव्यामुळे आगबंदी लागू असेल तर काठावर चूल पेटवता येत नाही, सगळं गॅसवरच.

थोरल्या काकांचं इन्सुलिन सापडलं ते कूलरच्या तळाशी, बर्फाला टेकून. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. नशिबाने कुपी गोठली नव्हती. पण मला जास्त धास्ती दुसऱ्या गोष्टीची होती. जागा पुरली नाही की कूलर दुसऱ्या फेरीत जातो, आणि दुसरी फेरी हवामानामुळे उद्यावर जाऊ शकते. औषधं, स्लीपिंग बॅग, पावसाचं जाकीट, काडेपेटी, दोन वेळचं खाणं आणि सॅटेलाइट मेसेंजर माणसाबरोबर पहिल्या फेरीतच गेले पाहिजेत. काकांनी कुपी कापडात गुंडाळून हातातल्या पिशवीत घेतली आणि ती पिशवी नंतर खाली ठेवलीच नाही.

अस्वलासाठीचा स्प्रे विमानात माणसं बसतात तिथे चालत नाही. डबा फुटला तर पायलटला दिसणं बंद होईल. तो फ्लोटमधल्या पेटीत. बोटीच्या इंजिनाचं पेट्रोल प्रवाशांबरोबर पाठवत नाही, ते आधीच्या मालाच्या फेरीत गेलेलं असतं. सगळ्यांत जड माणूस पुढे पायलटशेजारी, जड पिशव्या सीटच्या लगेच मागे, हलक्या शेपटीकडे. शेपूट जड झाली की विमान नाक वर करून बसतं आणि पायरीवर चढायला आणखी वेळ लावतं.

लाइफ जॅकेट घालून दाखवताना मी एक गोष्ट तीनदा सांगते: ते बाहेर पडल्यावरच फुगवायचं. विमान उलटलं आणि आतच फुगवलं तर माणूस वर दाबला जातो आणि दारापर्यंत खाली बुडी मारता येत नाही. सांगून झालं की प्रत्येकाला डोळे मिटून दाराची कडी शोधायला लावते. काकांना दुसऱ्या प्रयत्नात सापडली. मी तिसऱ्यांदा करायला लावलं.

मासेमारीचे लायसन्सही तपासले. या भागात साध्या लायसन्सवर चार वॉलाय, कमी फीच्या लायसन्सवर दोन, आणि त्यांतला ४६ सेंटिमीटरहून मोठा एकच. हे रोजचं नाही, जवळ बाळगायचे एवढेच. दोघांकडे कमी फीचं होतं, म्हणजे चौघांत घरी नेता येतील बारा. मोठ्या माद्या अंडी देणाऱ्या असतात, त्या सोडलेल्याच बऱ्या, असं मी ग्राहकांना मोकळेपणाने सांगते.

साडेदहाला नवीन रिव्हेट बसलं, वर सीलंट लागलं. ते घट्ट होईपर्यंत कोणी हात लावला नाही. साडेबाराला विमान पुन्हा पाण्यात सोडलं, इंजिनिअरने लॉगबुकात नोंद करून सही केली आणि पायलट म्हणाला, तासभर नुसतं उभं राहू दे. तोवर नैऋत्येकडून वारा उठला, बेमध्ये बारीक लाटा आल्या. चौघे पिशव्या घेऊन बाकावर बसले होते, कोणी घाई केली नाही.

दीड वाजता मी डाव्या फ्लोटवर गुडघे टेकले, तिसरं बूच काढलं आणि पंप लावला. एक, दोन, तीन. चौथ्या झटक्याला हवा आली.