४०५ अब्जांच्या आदल्या संध्याकाळी

सोमवार, २२ जुलै २०२४

उद्या सकाळी केंद्राचा अर्थसंकल्प आणि, बातम्या खऱ्या ठरल्या तर, रात्रीपर्यंत मेटाचं ४०५ अब्ज पॅरामीटरचं (शिकून ठरलेल्या एवढ्या आकड्यांचं) लामा हे भाषामॉडेल. १८ एप्रिलला लामा ३ ची ८ आणि ७० अब्जांची मॉडेलं आली, तेव्हाच ४०० अब्जांहून मोठं एक अजून शिकतंय असं कंपनीनं सांगून ठेवलं होतं. आलं की तासाभरात चाचण्यांतल्या गुणांचे तक्ते फिरायला लागतील. त्यातून मराठीबद्दल जवळपास काहीच कळत नाही. त्यामुळे तपासणीची मांडामांड आजच झालेली बरी.

आधी आकाराचा हिशोब. १६ बिटांत एका पॅरामीटरला २ बाइट, म्हणजे ८१० जीबी. ८० जीबी मेमरीची आठ एच१०० ग्राफिक्स कार्डं असलेल्या यंत्रात मिळून ६४० जीबी. मावत नाही. आकड्यांची अचूकता कमी करून ८ बिटांवर आणलं तर ४०५ जीबीत बसतं आणि संदर्भासाठी, म्हणजे मॉडेल एका वेळी समोर ठेवतं त्या मजकुरासाठी, जागाही उरते. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर मूळ ८१० जीबी नुसते उतरवून घ्यायलाच १८ तास. तेव्हा हे घरी चालवायचं नाही, भाड्याच्या सेवेवरच चालवायचं. तिथे पहिला प्रश्न दराचा नसावा, किती बिटांवर चालवताय हा असावा. एकाच नावाचं मॉडेल दोन ठिकाणी वेगळं वागतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

घरच्या कार्डासाठी ८ अब्जवालं. त्याचीही सुधारित आवृत्ती सोबत येईल आणि संदर्भ ८,१९२ टोकनांवरून (मजकुराच्या तुकड्यांवरून) १ लाख २८ हजारांपर्यंत जाईल, अशी कुजबुज आहे. हुरळून जाण्याआधी, वाचलेला मजकूर लक्षात ठेवायला मॉडेलाला लागणाऱ्या कॅशचा गुणाकार करावा: ३२ थर, ८ की-व्हॅल्यू हेड, प्रत्येकी १२८ घटक, की आणि व्हॅल्यू मिळून दुप्पट, प्रत्येक आकडा २ बाइटचा. एका टोकनाला १२८ केबी. ८,१९२ टोकनांना १ जीबी, पूर्ण लांबीला १६ जीबी. म्हणजे ४ बिटांवरचं मॉडेल ५ जीबीच्या आत आणि त्याची कॅश त्याच्या तिपटीहून मोठी. संदर्भाची मर्यादा हातानं १६ हजारांवर बांधावी, नाहीतर कार्ड सुरुवातीलाच मान टाकतं.

मराठीसाठी खरी कळ टोकनायझरमध्ये, म्हणजे मजकुराची टोकनं पाडणाऱ्या भागात, आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ‘क्ष’ तीन चिन्हांचा, म्हणजे ९ बाइट. लामा २ चा शब्दसंग्रह ३२,००० चा होता, त्यात मराठी मजकुराचा अक्षरशः भुगा व्हायचा. लामा ३ चा १,२८,२५६ चा आहे, गूगलच्या जेम्मा २ चा २,५६,००० चा. ओपनएआयनं मे महिन्यात जीपीटी-४ओ आणताना दाखवलेल्या नमुन्यात तोच मराठी मजकूर ९६ टोकनांवरून ३३ वर आला. दर टोकनावर लागतो, संदर्भ टोकनांनी भरतो आणि वेगही टोकनांत मोजतात, त्यामुळे हा फरक थेट खिशाला जाणवतो. मोठं लामा त्याच घराण्यातलं, तेव्हा टोकनायझर बहुधा तोच राहील. तरी पाचशे शब्दांचा एक ठरलेला उतारा घेऊन टोकन भागिले शब्द हा आकडा काढायचाच.

मोजण्याआधी मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणावा. ‘दुसऱ्या’मधला ऱ एका चिन्हानं लिहिलेला असतो किंवा र आणि नुक्ता अशा जोडीनं, एनएफसी ही जोडी एक करतं. ‘ॲप’चं मात्र करत नाही. तिथे ॲ हे एकच चिन्ह आणि अ वर चंद्र देऊन केलेलं रूप ही कायम दोन वेगळी राहतात. ती शोधून-बदलून घ्यावी लागतात.

प्रश्न स्वतःचेच हवेत. महाजालावर उघड पडलेले संच मॉडेलानं शिकतानाच वाचलेले असू शकतात. चाळीस प्रश्न पुरतात, पण ते मराठीच्या अवघड जागांवरचे असावेत. ‘तिची आवाज’ लिहितं का? ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण समजतं का? आपण आणि आम्ही यांची गल्लत करतं का? पावणेदोनशे म्हणजे १७५ हे कळतं का? (‘पावणेदोन डझन केळी’ हा माझा लाडका प्रश्न. २१ सोडून इतर उत्तरं मोठ्या आत्मविश्वासानं येतात.) पत्रात वरिष्ठांना ‘तुम्ही’नं सुरुवात करून तिसऱ्या ओळीत ‘तू’वर घसरतं का, हेही बघावं. तापमान (उत्तरं किती बदलती असावीत हे ठरवणारा आकडा) शून्यावर ठेवावं, तरी एकाच वेळी इतरांच्या विनंत्या चालत असल्यानं उत्तर किंचित हलतं, म्हणून प्रत्येक प्रश्न तीनदा विचारावा. उत्तरं नावं झाकून तपासावी. ७० अब्जवाल्याची उत्तरं याच पद्धतीनं आधी काढून ठेवली नसतील, तर उद्याच्या उत्तरांची तुलना कशाशी करणार?

पहिल्या दिवशीचा निकाल पक्का धरायचा नाही. एप्रिलमध्ये लामा ३ आलं तेव्हा कित्येकांकडे उत्तर संपायचंच नाही, कारण मॉडेलाची बोलण्याची पाळी संपल्याची खूण चालवणाऱ्या साधनांना ओळखू येत नव्हती. लामा.सीपीपी या घरच्या यंत्रावर मॉडेल चालवणाऱ्या साधनासाठी रूपांतर केलेल्या फायलींत तर मजकूर तोडण्याची रीतच चुकली होती. दुरुस्तीनंतर त्या फायली नव्यानं कराव्या लागल्या. मॉडेल मठ्ठ वाटलं की आधी संवादाचा साचा (प्रश्न आणि उत्तरं खुणांनी वेगळी करून देण्याची रीत) तपासावा, मग साधनाची आवृत्ती, मग बिटं. मॉडेलाला नावं ठेवणं सगळ्यात शेवटी. लांब संदर्भ आला तर गडबड तिथेही होईल, कारण टोकनांच्या स्थानांची मोजणी ताणण्याची नवी रीत साधनांना शिकवायला थोडा वेळ लागतोच.

मॉडेलाच्या अधिकृत भाषांच्या यादीत हिंदी येईल, मराठी नाही, असा माझा कयास. त्याचं फार दुःख नको. माझं जास्त लक्ष परवान्याकडे आहे. लामा ३ च्या परवान्यात एक अट आहे: याची उत्तरं वापरून लामा ३ किंवा त्यावर बेतलेली मॉडेलं सोडून दुसरं भाषामॉडेल सुधारायचं नाही. एवढ्या मोठ्या मॉडेलाचा मराठीला सगळ्यात मोठा उपयोग तोच होता. त्याच्याकडून प्रश्नोत्तरं लिहून घ्यायची, माणसाकडून तपासून घ्यायची आणि ती लहान मॉडेलाला शिकवायची. अट निघाली तर हे काम उद्यापासून सुरू करता येईल. राहिली तर त्याची उत्तरं वेगळ्या फोल्डरात, ‘फक्त तपासणीसाठी’ असं लिहून ठेवायची आणि शिकवणीच्या संचात चुकूनही मिसळू द्यायची नाहीत.