भोक केवढं ठेवायचं?

लिव्हर अ‍ॅक्शन, म्हणजे खालची लिव्हर ओढून काडतूस भरायच्या रायफलला पीप साइट, म्हणजे डोळ्याजवळच्या भोकातून बघून नेम धरायची साइट, बसवून घ्यायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी एकच गोष्ट विचारतो, भोक किती बारीक मिळेल? भोक बारीक तेवढा नेम बारीक, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कागदाच्या टार्गेटवर भर दुपारी मारायचं असेल तर ते खरंही आहे. पण शिकारीची रायफल भर दुपारी क्वचितच उचलली जाते. हरीण बाहेर पडतं ते पहाटे नाहीतर दिवस बुडताना, आणि तेव्हा त्या बारीक भोकातून काय दिसतं हे दुकानात उभं राहून कळत नाही. बंदुका दुरुस्त करणं, त्यांना साइट बसवून झिरो करून देणं, म्हणजे नेम जिथे तिथेच गोळी लागेल अशी साइट जुळवून देणं, हे माझं काम. त्या कामातला एक दिवस सांगतो, कारण त्यानंतर माझी काम करण्याची रीतच बदलली.

हंगाम तोंडावर आला होता. साठी ओलांडलेले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलाच्या हातात खोक्यातला कोरा स्कोप, वडिलांच्या हातात विंचेस्टर 94, .30-30 काडतुसाची. जॉन ब्राउनिंगच्या डिझाइनची ही रायफल 1894 सालापासून चालत आली आहे. यांची जुन्या बनावटीची, म्हणजे वरून काडतूस फेकणारी होती.

मुलगा म्हणाला, "बाबांना आता साइट नीट दिसत नाही. हा स्कोप चढवून द्या."

वडील काही बोलले नाहीत. रायफल उलटी करून, लिव्हर उघडून, चेंबर रिकामं असल्याचं मला दाखवलं आणि मगच टेबलावर ठेवली. हत्यार असं हातात देणारा माणूस मला लगेच आवडतो.

मी मुलाला अडचण दाखवली. लिव्हर खाली केली की रिकामं काडतूस सरळ वर उडतं. रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या यंत्राच्या पेटीच्या, डोक्यावर स्कोप बसवला तर काडतूस त्यालाच धडकणार. कंपनीनं 1980च्या दशकात काडतूस तिरकं फेकणारी रचना आणली ती याचसाठी. मार्लिन 336 असती तर प्रश्नच नव्हता, कारण तिचं काडतूस बाजूनं पडतं आणि वरचा भाग सपाट, बंद असतो. जुन्या 94ला स्कोप एका बाजूला सरकवून किंवा पुढे नळीवर नेऊन लावता येतो. पण मग ही रायफल ज्या जागी मुठीत धरून माणूस रानात दिवसभर चालतो तिचा तोलच जातो. त्यातून वडिलांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की स्कोप त्यांना नकोच आहे.

रिसीव्हरच्या डाव्या अंगाला पीप साइट बसवलेली होतीच. चांगल्या बनावटीची, उंची आणि बाजू दोन्ही बारीक फिरणारी. तिच्यात डिस्क, म्हणजे भोकाची चकती, घातली होती टार्गेटची, भोक जेमतेम 1.3 मिलिमीटरचं.

"हिनं ग्रुप कसा येतो?" म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागतात, मी विचारलं.

"शंभर यार्डांवर तीन इंच. टेकून मारलं तर त्याच्याही आत." हे सांगताना त्यांचा आवाज खुलला. मग थोडं थांबून म्हणाले, "गेल्या हंगामात पहाटे रानाच्या कडेला हरीण उभं होतं. साठ यार्डांपेक्षा लांब नसेल. नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. रायफल खांद्याला लावली आणि भोकातून फक्त काळोख. नळीच्या टोकावरची फोरसाइट कुठाय तेच कळेना. मी खाली घेतली. अंदाजानं मारली असती आणि पोटात लागून पळालं असतं तर?"

याच वाक्यासाठी मी त्यांचं काम त्याच दिवशी हातात घेतलं. गोळी चुकली तर चुकली, तिचं काही नाही. जखमी होऊन झाडीत शिरलेलं आणि शोधूनही न सापडलेलं जनावर ही मात्र आपली जबाबदारी असते. साइटचा सगळा विचार तिथून सुरू व्हायला हवा, ग्रुपिंगच्या कागदावरून नव्हे.

आता त्या काळोखाचं कारण. चाळिशी लागल्यावर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळ-दूर फोकस बदलण्याची ताकद कमी होते. नळीवरची उघडी बॅकसाइट, टोकाची फोरसाइट आणि लांबचं जनावर अशा तीन ठिकाणी डोळ्याला धावायचं असतं, ते जमेनासं होतं. पीप साइट यातलं एक काम काढून टाकते. भोकाकडे बघायचंच नाही, त्यातून बघायचं. गोलाच्या मधोमध काही धरायचं असेल तर डोळा ते आपोआप धरतो. भोक डोळ्याच्या बाहुलीपेक्षा लहान असेल तर आणखी एक फायदा: फोरसाइट आणि लक्ष्य दोन्ही एकदम बरेच स्पष्ट दिसतात. बारीक डिस्कची सगळी जादू यात आहे आणि तिचा तोटाही यातच. संधिप्रकाशात त्या वयाच्या माणसाची बाहुली फार तर चार-एक मिलिमीटर उघडते असं धरा. तिच्यापुढे 1.3 मिलिमीटरचं भोक धरलं की क्षेत्रफळाच्या हिशेबानं डोळ्यात प्रकाश जातो जेमतेम दहावा हिस्सा. आधीच उजेड कमी, त्याचाही दहावा हिस्सा! मग काळोखच दिसणार.

मी डिस्क काढून टाकली. मागे उरलं ते डिस्क फिरवून बसवायचं आटे पाडलेलं भोक, साधारण पाच मिलिमीटरचं. त्यांना म्हटलं, डोळे मिटा, रायफल सवयीनं खांद्याला घ्या, गाल दस्त्यावर टेकवा, आता डोळे उघडा. फोरसाइट भोकात आहे? होती, पण गोलाच्या तळाशी. त्यांनी मान थोडी वर केली तेव्हा मधे आली. पीप साइट मुळात नळीपेक्षा उंच बसते, आणि या जुन्या दस्त्याची गाल टेकवायची कड खाली उतरलेली असते. दस्त्यावर चामड्याची पट्टी बांधून गालाला थोडी उंची दिली, तेव्हा डोळा आपसूक जागेवर आला. ही डोळे मिटून केलेली चाचणी मला सगळ्यात खरी वाटते. डोळे उघडे असताना माणूस नकळत मान जुळवून घेतो, आणि रानात तेवढा वेळ मिळत नाही.

मुलाला शंका होतीच. "एवढ्या मोठ्या भोकातून नेम कसला बसणार?"

त्याला म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा.

रेंजवर आम्ही ऊन उतरायच्या बेतानं गेलो. उजेड असताना वडिलांनी आधी बारीक डिस्कनं, मग मोठ्या भोकानं मारलं. पहिला ग्रुप तीन इंचांचा, दुसरा साडेतीनच्या आसपास. मुलगा कागद हातात घेऊन बराच वेळ बघत होता. यात चमत्कार काही नाही. बॅकसाइट नळीवरून रिसीव्हरच्या मागच्या टोकाला आली की दोन साइटमधलं अंतर पाच-सहा इंचांनी वाढतं आणि हाताच्या चुकीचा परिणाम त्या मानानं कमी होतो. भोक मोठं असलं तरी डोळा मध्य शोधतोच, आणि लक्ष सगळं फोरसाइटवर असलं की झालं. विल्यम लायमननं 1870च्या दशकाच्या अखेरीस आपली टँग साइट (रिसीव्हरमागे, दस्त्याच्या मुठीवर बसणारी पीप साइट) आणली तिच्यातही मोठं भोक आणि पातळ कड हीच कल्पना होती. भोवतीची कड जाड असेल तर तीच जनावराला झाकते. पातळ असेल तर नजरेतून जवळपास नाहीशी होते.

दिवस मावळला तसा कागदावरचा बुल, म्हणजे मधला गोल, विरघळत गेला. मी काडतुसं बाजूला ठेवायला लावली आणि रिकाम्या रायफलनं लांबच्या झुडपावर नेम धरायला सांगितलं, तिन्ही भोकांतून आळीपाळीनं. 1.3च्या डिस्कमधून काहीच नाही. मधली 3.2ची डिस्क लावली तर दोन तृतीयांशाच्या जवळपास उजेड मिळतो, फोरसाइटही टोकदार दिसते. पण तिची कड रुंद होती आणि झुडपाचा बराच भाग त्या कडेमागे जात होता. मोकळ्या भोकातून सगळं झुडूप दिसलं. फक्त त्यांची तक्रार आली, "फोरसाइट जरा फुटतेय."

तक्रार बरोबर होती. भोक बाहुलीपेक्षा मोठं झालं की ते नजर स्पष्ट करत नाही. शिवाय त्यांच्या फोरसाइटवर पितळी गोल मणी होता. अशा मण्याचा आणखी एक दोष फार जणांना माहीत नसतो. ऊन डावीकडून आलं की मण्याची डावी बाजू चकाकते. माणूस त्या चकाकीलाच मध्य समजून नेम धरतो आणि गोळी उजवीकडे, म्हणजे उजेडापासून दूर जाते. मी त्यांना सपाट तोंडाची, चौकोनी आणि थोडी रुंद फोरसाइट सुचवली, डोळ्याकडच्या अंगाला पांढरी उभी रेघ असलेली. रुंद पट्टी थोडी धूसर झाली तरी तिचा माथा सापडतो. बारीक मणी धूसर झाला की हातात काहीच राहत नाही.

उंचीचा हिशेब करायचाच होता. मागची साइट पार खाली आणूनही गोळ्या शंभर यार्डांवर पाच इंच वर लागत होत्या. बहुतेक जण इथे बुचकळ्यात पडतात, पण नियम सोपा आहे: गोळी जिकडे न्यायची तिकडे बॅकसाइट हलवायची, फोरसाइट उलट दिशेनं. गोळी वर जाते म्हणजे फोरसाइट उंच हवी. किती? चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर, सगळं इंचांत. साइटमधलं अंतर 22 इंच, शंभर यार्ड म्हणजे 3600 इंच. पाच गुणिले 22 भागिले 3600, म्हणजे 0.03 इंच. मिलिमीटरचाही पाऊण भाग! मी त्याहून थोडी जास्त उंच बसवली, म्हणजे बॅकसाइटला खाली-वर दोन्हीकडे जागा राहते. डोव्हटेलची खाच कानशीनं साफ करून फोरसाइट उजवीकडून डावीकडे पितळी ठोक्यानं सरकवली. बॅकसाइटचे स्क्रू काढून आट्यांतलं तेल स्पिरिटनं पुसलं आणि नंतर निघू शकेल अशा निळ्या थ्रेडलॉकरचा एकेक थेंब लावून आवळले. तेलकट आट्यात थ्रेडलॉकर धरत नाही आणि .30-30चा धक्का किरकोळ वाटला तरी स्क्रू हळूहळू ढिले करतो.

चष्म्याचं काम माझं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना फोरसाइट डोळ्यापासून किती लांब येते ते मोजून न्या म्हटलं. दूरच्या नंबरात साधारण अर्धा डायॉप्टर अधिक घातलेला वेगळा चष्मा बनवून घेतला तर फोरसाइट बरीच सावरते आणि जनावर थोडंच मऊ दिसतं. अनेक नेमबाज हेच करतात. जनावर थोडं धूसर चालतं, फोरसाइट धूसर चालत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून मात्र नेम धरू नका, मान जराशी हलली तरी नंबर बदलतो.

झिरो आम्ही शंभर यार्डांवर ठेवला. दोनशेला ही गोळी सात-आठ इंच खाली येते, पण ते तेवढ्या लांबवर मारणारे नव्हते. सपाट नाकाच्याच गोळ्या वापरा हे सांगायची त्यांना गरज नव्हती. नळीतल्या मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या बुडाच्या टोपीवर, टेकतं, म्हणून टोकदार कडक गोळी त्यात कधीच घालायची नाही. मुलाला मात्र ते नव्यानं कळलं.

हंगामात त्यांचा फोन आला. पहाटे, तेवढ्याच उजेडात, हरीण पुन्हा समोर आलं होतं. फोरसाइट खांद्यामागे स्थिर होती. पण भोकातून त्यांना हरणाच्या छातीपुढे आडवी आलेली फांदी दिसली आणि त्यांनी चाप ओढला नाही. हरीण दोन पावलं पुढे सरकलं तेव्हा ओढला. एकाच गोळीत जागेवर पडलं.

आता पीप साइट घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी डोळे मिटून रायफल खांद्याला घ्यायला लावतो, आणि डिस्क कुठली ते ठरवायला दिवस मावळताना बोलावतो. काहींना हा उशीर आवडत नाही. त्या मुलाला आवडला. स्कोप परत करून स्वतःच्या रायफलसाठी साइट बघायला तो आला. त्याला वडिलांच्याच मापाचं सगळं हवं होतं. त्याचे डोळे तरुण आहेत, बाहुली जास्त उघडते आणि फोरसाइट फुटत नाही, म्हणून त्याच्यासाठी पातळ कडेची, थोडी लहान डिस्क मी बाजूला काढून ठेवली आहे. झिरो मात्र तुझा तुलाच करावा लागेल, बाबांच्या डोळ्यांनी केलेला चालणार नाही, हे त्याला सांगितलं आहे.