दोगोन मूर्तींवरची पुटे

पश्चिम आफ्रिकेतील माली देशातला बांदियागाराचा कडा सुमारे 150 किलोमीटर लांब असून दोगोन लोकांची गावे त्याच्या माथ्यावर, उतारावर आणि पायथ्याशी वसलेली आहेत. तेथील लाकडी मूर्ती आज जगभरच्या संग्रहालयांत उजेडात उभ्या असल्या, तरी मुळात त्या देवस्थानाच्या किंवा घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातील वेदीसाठी घडवलेल्या असत आणि मोजक्याच लोकांच्या दृष्टीस पडत. घडवणारा बहुधा गावचा लोहार असे. शेतीची अवजारे आणि देवकार्याच्या मूर्ती एकाच हातून तयार होत.

मला या मूर्तींच्या कोरीव कामाइतकेच त्यांच्यावरच्या पुटांचे महत्त्व वाटते. वेदीवर बळी दिला की त्याचे रक्त आणि बाजरीची पेज मूर्तीवर वाहिली जाई, आणि वर्षानुवर्षे हे होत राहिल्याने काही मूर्तींचे नाकडोळेसुद्धा जाड, भेगाळलेल्या थराखाली झाकून गेले आहेत. पाऊस, पीक, संतती, आजारातून सुटका अशी मागणी ज्या ज्या वेळी झाली, त्या त्या वेळची खूण तेथे साठली आहे.

हात उंच केलेल्या मूर्ती विशेष प्रसिद्ध आहेत आणि त्यांचा संबंध पावसाच्या प्रार्थनेशी जोडला जातो. फ्रेंच अभ्यासक मार्सेल ग्रियोल यांनी 1946 साली ओगोतेमेली या वृद्ध, अंध शिकाऱ्याकडून ऐकलेली सृष्टिकथा पुढे आणल्यानंतर बहुतेक मूर्तींत अम्मा या देवाने निर्माण केलेले नोम्मो, म्हणजे जलाशी निगडित आद्यजीव, पाहण्याची प्रथा पडली. डच अभ्यासक वॉल्टर व्हॅन बीक यांना मात्र प्रत्यक्ष गावात राहून तशी कथा सर्वसामान्य दोगोनांच्या तोंडी आढळली नाही, आणि 1991 साली त्यांनी हा आक्षेप प्रसिद्ध केला. मूर्ती वेदीवर मागणे मागणाऱ्या माणसाच्या वतीने उभी असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मला हा अर्थ अधिक पटतो, कारण माणूस शेतावर गेल्यावरही त्याचे मागणे देवापुढे चालू राहावे, ही श्रद्धा त्या थरांशी नीट जुळते. अर्थात सर्व मूर्तींना एकच अर्थ लावणे योग्य नव्हे. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रियांसाठी वेगळ्या वेद्या असतात आणि तेथील भावना निराळी असते.

दोगोनांच्या आधी याच कड्यावर राहिलेल्या तेलेम लोकांच्या दफनगुहांतूनही लाकडी वस्तू मिळाल्या असून या गुहांची मोठी लूट झाली. अमेरिकेने 1993 साली तेथील पुरातन वस्तूंच्या आयातीवर निर्बंध घातले, परंतु तोवर पुष्कळ काही बाहेर गेले होते. अशा वस्तूंच्या फलकावर शतक आणि लाकूड नोंदलेले असते; ती कोणत्या गावातील, कोणत्या वेदीवरची, कोणाच्या मागण्यासाठी उभी होती, हे मात्र बहुतेकदा लिहिलेले नसते, आणि विक्रीच्या साखळीत ती माहिती एकदा तुटली की कितीही बारकाईने लाकूड तपासले तरी ती परत मिळत नाही.