संथ सिनेमावर लिहायचं तर घड्याळ हाताशी ठेवा

छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरला की समाजमाध्यमांवर प्रतिक्रिया सुरू होतात. त्यात एखादा संथ, अध्यात्माकडे झुकलेला सिनेमा असला तर त्या दोनच साच्यांतून निघतात. पहिला साचा, ‘काही घडतच नाही राव, उगंच ताणलंय.’ दुसरा, ‘ध्यानाला बसल्यासारखं वाटलं, शब्दांत सांगता येत नाही.’ पहिल्यात बघणाऱ्याचा कंटाळा आहे, दुसऱ्यात बघणाऱ्याची समाधी. सिनेमा दोन्हींत नाही. पडद्यावर काय चाललं होतं, किती वेळ चाललं आणि तेवढ्या वेळात काय बदललं, एवढं जरी लिहिलं तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागेल.

भांडण जुनंच आहे. १९६० साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात इटालियन दिग्दर्शक अँतोनियोनीच्या ‘लाव्हेंतुरा’ची हुर्यो उडवली गेली, लगोलग चित्रपटकर्त्यांनी आणि समीक्षकांनी त्याच्या बाजूने सह्यांचं पत्रक काढलं, आणि ज्युरीचा पुरस्कारही त्याला मिळाला. २०११ मध्ये त्याच कानमध्ये ‘द ट्री ऑफ लाइफ’ला काहींनी हुर्यो केली, आणि महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पाल्म दोर, त्यालाच. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिकात डॅन कोइस यांनी असे सिनेमे म्हणजे पौष्टिक म्हणून बळेच खायच्या भाज्या आहेत अशा सुराचा लेख लिहिला, तर मनोहला डार्गिस आणि ए. ओ. स्कॉट या समीक्षकांनी त्याच वृत्तपत्रात संथपणाची बाजू मांडली. एवढ्यावरून ‘आज शिव्या खाल्ल्या म्हणजे उद्या अभिजात ठरणार’ असा नियम मात्र काढू नये. हुर्यो खाऊन विसरलेही गेलेले सिनेमे असतात; त्यांची आठवण कोण काढणार?

आपल्याकडचं उदाहरण जास्त कामाचं आहे. मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’, मोहन राकेश यांच्या कथेवरचा. बस चालवणाऱ्या नवऱ्यासाठी भाकरी घेऊन बाई रस्त्यावर थांबते, गोष्ट एवढीच. लोकप्रिय नियतकालिकांनी त्याला झोडपलं. फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कारही मिळाला. सत्यजित राय यांना पुढे कौल यांचा ‘दुविधा’ आणि कुमार शहानी यांचा ‘माया दर्पण’ पटले नाहीत आणि त्यांनी तसं सविस्तर लिहिलं. राय यांच्याशी सहमत व्हा किंवा होऊ नका, त्यांची हरकत पडद्यावरच्या गोष्टींवर होती, आपल्या जांभयांवर नव्हे. ‘उसकी रोटी’त छायालेखक के. के. महाजन यांनी कॅमेऱ्याला मुख्यतः दोन भिंगं वापरली, रुंद दाखवणारं २८ मिलिमीटरचं आणि लांबचं जवळ आणणारं १३५ मिलिमीटरचं. एक प्रत्यक्ष घडण्यासाठी, दुसरं मनातल्या घडण्यासाठी. पुढे ही वाटणी मुद्दाम मोडली जाते. हे ठाऊक नसेल तर सिनेमा नुसता थांबलेला वाटतो. ठाऊक असेल तर विचारता येतं की वाटणी मोडल्यावर बाईच्या वाट बघण्याचं काय झालं, आणि ते प्रेक्षकाला नुसत्या डोळ्यांनी कळतं का. माझ्या मते पूर्णपणे कळत नाही, आणि हा त्या सिनेमातला खराखुरा दोष आहे. तो लिहिता येतो. ‘बोअर’ या शब्दात तो मावत नाही.

एक शॉट, म्हणजे दोन कटांमधला सलग तुकडा, जवळून बघू. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा ‘नॉस्टॅल्जिया’, १९८३. गोर्चाकोव्ह या रशियन लेखकाने, लोक ज्याला वेडा समजतात त्या डोमेनिकोला शब्द दिलेला असतो की पेटती मेणबत्ती गरम पाण्याच्या कुंडाच्या या काठावरून त्या काठावर न्यायची. कुंडातलं पाणी उपसलेलं आहे, तळाशी चिखल आणि डबकी. तो भिंतीला हात लावतो, मेणबत्ती पेटवतो, कोटाच्या आडोशाने निघतो. ज्योत विझते. तो परत फिरतो, पुन्हा भिंतीला हात लावतो, पुन्हा निघतो. पुन्हा विझते. तिसऱ्या खेपेला पोहोचतो. हे सगळं सुमारे नऊ मिनिटं, मध्ये एकही कट नाही. कॅमेरा त्याच्या बरोबरीने आडवा सरकत राहतो आणि शेवटाकडे हातांपाशी, ज्योतीपाशी येतो.

आता यात काय बदललं ते मांडा. पहिल्या खेपेला आपल्याला अंतर माहीत नसतं. परत फिरताना ते कळतं, कारण तेवढंच चालणं आपण उलट दिशेनेही पाहतो. दुसऱ्या खेपेला कुठे धोका आहे हे ठाऊक असतं, म्हणून तेच चालणं जास्त लांब वाटतं. तिसऱ्या खेपेपर्यंत माणूस दमलेला आहे, आणि आपणही. मधे कट टाकला असता तर तिन्ही खेपा तीन मिनिटांत उरकल्या असत्या आणि मेणबत्तीचं पोहोचणं ही नुसती माहिती झाली असती. ‘नऊ मिनिटं का?’ याचं उत्तर एवढं सरळ आहे. त्यासाठी ‘अलौकिक’ वगैरे शब्दांची गरज लागत नाही. हीच कसोटी दुसऱ्या एखाद्या सिनेमातल्या, नुसती खिडकी दाखवणाऱ्या चार मिनिटांच्या शॉटला लावा. पहिल्या तीस सेकंदांनंतर चौकटीत, आवाजात किंवा आपल्या माहितीत काहीच सरकलं नसेल, तर बिनधास्त लिहा की इथे वेळ वाया गेला आहे.

मोजायचं कसं? पहिल्यांदा बघताना वही बंदच ठेवा. दुसऱ्यांदा मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि प्रत्येक कटला लॅपचं बटण दाबा. पूर्ण सिनेमा मोजायची गरज नाही; सुरुवातीची, मधली आणि शेवटची वीस-वीस मिनिटं पुरतात. संगणकावर व्हीएलसीमध्ये बघत असाल तर शंका आली तिथे ‘ई’ दाबून एकेक फ्रेम पुढे सरका; अंधारात लपवलेले कट असेच सापडतात. एकूण सेकंद भागिले शॉट ही झाली सरासरी. तारकोव्हस्कीच्याच ‘स्टॉकर’मध्ये (१९७९) सुमारे १४२ शॉट आहेत आणि लांबी १६० मिनिटांच्या वर, म्हणजे सरासरी शॉट मिनिटाहून मोठा. हंगेरियन दिग्दर्शक बेला तारच्या ‘द ट्युरिन हॉर्स’मध्ये जवळपास अडीच तासांत तीसच्या आसपास शॉट, म्हणजे पाचेक मिनिटांचा एक. पण सरासरी फसवते. एक नऊ मिनिटांचा शॉट आणि नऊ शॉट वीस-वीस सेकंदांचे, यांची सरासरी ७२ सेकंद येते, आणि तेवढ्या लांबीचा शॉट त्यात एकही नसतो. म्हणून सगळ्यांत लांब तीन शॉट वेगळे लिहून ठेवा.

याच्याही आधी तपासायची गोष्ट म्हणजे प्रत. जुन्या युरोपीय डीव्हीडीवरून आलेल्या प्रती २४ ऐवजी २५ फ्रेमच्या वेगाने पळतात, त्यामुळे १६२ मिनिटांचा सिनेमा साधारण १५५ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागू शकतो. संथपणावर लिहायला बसलात आणि सिनेमा चार टक्के वेगाने बघितलात तर काय उपयोग? ‘स्टॉकर’ची चौकट जवळपास चौकोनी आहे, टीव्हीवर ती ताणून रुंद केली असेल तर माणसं बुटकी दिसतात आणि चौकटीचा तोल जातो. टीव्हीतला हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा, दीडपट वेगाचा तर विचारही नको. आणि आपल्या भागापुरतं खास: एप्रिल-मेमध्ये कूलर लावून असा सिनेमा बघू नका. ठिबकणारं पाणी, लांबची रेल्वे, गवतातला वारा, हे सगळं कूलरच्या घरघरीत बुडतं. ‘स्टॉकर’मधल्या रेल्वे-ट्रॉलीच्या प्रवासात चाकांचा खडखडाट हळूहळू संगीतकार आर्तेमेव्हच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात विरघळतो. तो बदल ऐकू आला नाही तर उरतात तीन माणसांच्या माना आणि मागे पळणारा परिसर, आणि मग ‘काही घडतच नाही’ हे अगदी खरं ठरतं. रात्री दहानंतर, हेडफोन लावून, दिवे मालवून बघा.

कौतुक करणाऱ्यांची खोड वेगळी, ते प्रतीकं सोडवत बसतात. पाणी म्हणजे अमुक, कुत्रा म्हणजे तमुक. ‘स्टॉकर’मधली तीन माणसं ज्या निषिद्ध प्रदेशात शिरतात तो ‘झोन’ कशाचं प्रतीक आहे या प्रश्नाला स्वतः तारकोव्हस्की वैतागायचा. झोन म्हणजे झोन, एवढंच त्याचं म्हणणं. ‘प्रत्येक फ्रेम चित्रासारखी’ हेही टाळा. चित्रासमोर किती वेळ उभं राहायचं ते आपण ठरवतो, इथे ते दिग्दर्शक ठरवतो, आणि वाद नेमका त्यावरच आहे.

‘आध्यात्मिक’ हा शिक्का मारताना विषय आणि शैली वेगळी करावी. पॉल श्रेडर यांचं सिनेमातल्या अशा शैलीवरचं १९७२ चं पुस्तक ओझू, ब्रेसाँ आणि ड्रायर या दिग्दर्शकांवर आहे. त्यात तीन टप्पे येतात. आधी रोजचं कोरडं जगणं, मग त्यात न बसणारी एखादी तीव्र गोष्ट, आणि शेवटी ताण न सुटताच आलेली स्थिरता. सुमित्रा भावे यांचा ‘दिठी’ (२०२१) या चौकटीत गोष्टीच्या पातळीवर छान बसतो. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरचा हा सिनेमा: वर्षानुवर्षं वारी केलेला रामजी लोहार, पुरात गेलेला मुलगा, कोलमडलेली श्रद्धा, आणि अडलेल्या गाईची रात्र. शैली मात्र ब्रेसाँची नाही. ब्रेसाँ नटांना चेहरे कोरे ठेवायला लावायचा. इथे किशोर कदम यांच्या चेहऱ्यावर दुःख उघड वाहतं. त्यामुळे ‘दिठी’ला परदेशी मोजपट्टी लावून ‘पुरेसा संयत नाही’ म्हणणं चूक, आणि विषय ज्ञानदेवांचा आहे म्हणून आपोआप थोर ठरवणंही चूक. विचारायचं ते एवढंच, की शेवटी रामजीत जो पालट होतो तो त्या रात्रीच्या कामातून येतो की आपण आधीच भाविक असल्यामुळे पटतो? मला तो कामातून आलेला वाटतो, कारण गाईपाशी असताना त्याच्या हातांना सवड नाही.

‘आपल्याकडच्या माणसाला संथ झेपत नाही’ हे पुण्या-मुंबईत ऐकू येतं, इथेही काही जण मान डोलावतात. गंगाखेड, नर्सी, पैठणच्या पंचक्रोशीत सप्ताहात बसलेली माणसं बघा. दोन तासांचं कीर्तन, सेवेला एकच अभंग, धृपदाचं चरण पुन्हा पुन्हा. उठताना कुणी ‘संथ होतं’ म्हणत नाही. म्हणतात, महाराज दुसऱ्या चरणावर फार रेंगाळले, दृष्टांतातच वेळ गेला, प्रमाण जुळलं नाही, टाळकऱ्यांनी चाल ओढली. कुठे, किती, कशामुळे, सगळं त्यात आलं. हाच कान घेऊन थिएटरात बसलं की पुरे.

स्थानिक पुरवणीत जागा मिळते तीन-साडेतीनशे शब्दांची. त्यात कथेला साठ शब्दांच्या वर देऊ नका. अशा सिनेमात कथा तेवढीच असते. शंभर-सव्वाशे शब्द एकाच शॉटला द्या, वेळेसकट. लांबी, भाषा, उपशीर्षकं आणि कुठे बघता येईल हे शेवटच्या ओळीत. तारे देण्याची सक्ती असेल तर देऊन टाका. पण अडीच तारे दिलेत तर अर्धा कुठल्या मिनिटाला गेला ते वाक्य परीक्षणात सापडलं पाहिजे.