मागच्या वर्षीचा अफझलखान

टूर मॅनेजरचं खरं काम एकच, माणसं मोजणं. सकाळी कोचमध्ये चाळीस चढले की रात्री हॉटेलवर चाळीसच उतरले पाहिजेत. ३० मे २०२३ च्या संध्याकाळी साडेपाचला, अ‍ॅनाहाइमच्या डिस्नीलँडमध्ये, वॉल्ट डिस्नी आणि मिकीच्या पुतळ्यापाशी मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा अडतीस.

नव्हते ते पुण्याचे काका-काकू. फोन केला तर काकू म्हणाल्या, "अहो, आम्ही त्या ओंडक्याच्या होडीच्या लायनीत आहोत. अर्ध्यावर आलोय, आता सोडवत नाही."

चूक माझीच होती. ती होडीची राइड, स्प्लॅश माउंटन, आज कायमची बंद होतेय, रांग भयंकर असणार, तिकडे फिरकू नका, असं मी सकाळी कोचमध्ये माइकवरून सांगितलं होतं. पुणेकराला 'आज शेवटचा दिवस' असं सांगायचं नसतं, हे इतकी वर्षं लग्नाच्या साड्यांचे सेल पाहूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

तिकडे आर्टेशियाला, पायोनियर बुलेव्हार्डवर, जेवण सांगून ठेवलेलं. ड्रायव्हरचं आपलं वेगळंच गणित. अमेरिकेत कोचचा ड्रायव्हर ड्यूटीचे पंधरा तास भरले की गाडी चालवू शकत नाही, आणि आमचा पहाटेच हजर झालेला. बाकीच्यांना मेन स्ट्रीटच्या दुकानांत सोडून मी निघालो.

रांग कुठे सुरू होते तेच कळेना. हॉन्टेड मॅन्शनच्या बाजूला नुसती डोकी. टी-शर्टांवर '१९८९-२०२३' छापून घेतलेलं, म्हणजे आपल्याकडे हार घातलेल्या फोटोखाली असतं तसं. एक दाढीवाला बाप्या सशाचे कान लावून खरोखर डोळे पुसत होता. काका-काकू सापडले तेव्हा त्यांची तिथे चांगली बैठक जमली होती. पुढे एक कृष्णवर्णीय तरुणी, तिच्या हाताशी टियाना या डिस्नी राजकन्येच्या हिरव्या झग्यातली चिमुरडी. मागे एक पांढऱ्या केसांचं जोडपं. खाकऱ्याचं पाकीट सगळ्यांत फिरत होतं.

मी दोरीच्या बाहेरून रांगेबरोबर सरकत राहिलो. "काका, चला," असं दोनदा म्हणालो.

"थांबा हो. भांडण रंगलंय."

भांडण कसलं, ते मी थोडक्यात सांगतो. ही राइड १९४६ च्या 'साँग ऑफ द साउथ' या सिनेमातल्या सशाच्या गोष्टींवर बेतलेली. जॉर्जियातल्या मळ्यावरचे काळे लोक कसे आनंदात नांदतात, असं दाखवणारा तो सिनेमा. आला तेव्हाही त्यावर टीका झाली होती, आणि डिस्नीने तो अमेरिकेत घरी बघायला कधी कॅसेटवर आणला नाही, डीव्हीडीवरही नाही. राइड मात्र चौतीस वर्षं चालली. २०२० च्या जूनमध्ये जाहीर झालं की इथे आता टियाना येणार, २००९ च्या सिनेमातली, डिस्नीची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. तिची गोष्ट न्यू ऑर्लिन्सची, आणि पार्कातला न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर अगदी शेजारी. त्यामुळे जागेच्या दृष्टीने तक्रारीला जागा नव्हती.

म्हाताऱ्याची बायको म्हणत होती, "सिनेमा कोणी बघितलाय? पण या सशाने काय केलं होतं?"

मला वाटलं, ती तरुणी आता चिडणार. ती म्हणाली, "ससा तर आमचाच होता. गुलाम माणसांनी सांगितलेल्या गोष्टी त्या, माझ्या आजीला येत होत्या. सिनेमात त्याला दुसऱ्यांनी बसवलं. मुलीसाठी टियाना हवीच आहे मला. पण ससा जातोय याचं वाईट कोणी वाटून घ्यायचं, तर मी घ्यायचं."

याला कोणाकडेच उत्तर नव्हतं. काकूंनी मला विचारलं, सशाची गोष्ट काय? मी सांगितलं: कोल्हा त्याला पकडतो, ससा रडून म्हणतो काय हवं ते कर पण काटेरी झुडपात फेकू नकोस, कोल्हा मुद्दाम तिथेच फेकतो, आणि ससा हसत पळतो, कारण त्याचा जन्मच काट्यांतला.

"अय्या, हे तर आपलं कासव! पाण्यात टाकू नका म्हणणारं." काकूंनी ते लगेच त्या तरुणीला खुणा करून सांगितलं. तिला किती कळलं देव जाणे, पण ती हसली.

मग म्हातारा बोलला. "मी १९८८ मध्येही रडलोय." त्या साली पार्कातला 'अमेरिका सिंग्ज' हा गाणाऱ्या यांत्रिक प्राण्यांचा खेळ बंद झाला. त्यातले शंभराच्या आसपास प्राणी उचलून या राइडमध्ये बसवले. शेवटच्या चढणीवर डोक्यावर बसून घाबरवणारी दोन गिधाडं, ती त्या खेळातली. "माझ्या मुलांना ही राइड. मला अजून तीच जुनी गिधाडं दिसतात."

मी मराठीत सांगितलं तशा काकू खुदकन हसल्या. "म्हणजे मागच्या वर्षीचा अफझलखान यंदा रावण!"

काका पेठेतल्या मंडळाचे जुने कार्यकर्ते. हलत्या देखाव्यातल्या पुतळ्याची दाढी काढून त्याला पुढच्या वर्षी दुसरा कोणी करणं, आणि तिसऱ्या वर्षी गावाकडच्या मंडळाला विकणं, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं. "पुतळा एक, मोटर तीच, फक्त मुकुट नवा," ते म्हणाले. "हे त्यांना सांगा." मी सांगायला घेतलं. अफझलखान कोण इथपासून सुरुवात करावी लागली, त्यात रांगेची दोन वळणं गेली. म्हातारा मन लावून ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "आणि लोक ओळखतात?"

"ओळखतात तर! हात वर करायची ढब असते ना त्याची."

ते दोघं आत गेले तेव्हा मी खाली, होडी कोसळते तिथे उभा राहिलो. सोळा मीटरची घसरण. इथल्या होडीत एकामागे एक बसतात. काका पुढे, काकू त्यांच्या पाठीला चिकटलेल्या, मागे तो म्हातारा. काकांची टोपी उडाली आणि पाण्यात गेली. काठावरच्या गर्दीने टाळ्या वाजवल्या, टोपीसाठी नाही, पण काकांनी त्या हात उंचावून स्वीकारल्या.

कोच निघायला सव्वा तास उशीर झाला. आर्टेशियाला पुऱ्या गार मिळाल्या. 'टूर मॅनेजरचं दोन प्रवाशांकडे अवास्तव लक्ष' असा शेरा तीन फीडबॅक फॉर्मांवर आला, आणि माझ्या त्या टूरच्या बक्षिशीवर कात्री बसली. शेरा खोटा नव्हता.

नवी राइड १५ नोव्हेंबर २०२४ ला उघडली. त्या भागाचं क्रिटर कंट्री हे नाव जाऊन बायू कंट्री झालंय. मागच्या मे महिन्यात ग्रुप घेऊन गेलो आणि पहिल्यांदाच स्वतः बसलो. आत आता काजवे, वाजवणारे प्राणी, आपल्याला बेडकाएवढं करणारी म्हातारी. शेवटची चढण आली तशी माझी मान आपोआप वर गेली.

बाहेर आल्यावर फोटो काकूंना पाठवला. रात्री त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे काका विचारत होते, "अगं, गिधाडं कोणाला दिली ते विचार."