गव्हाच्या ध्वजपानाचे उतरते दिवस मोजताना

वनस्पतिशरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. करताना प्रबंधासाठी मला गव्हाच्या ध्वजपानाचे प्रकाशसंश्लेषण वयाबरोबर कसे घटते, हे मोजायचे होते. ध्वजपान म्हणजे ओंबीच्या लगत खाली असणारे शेवटचे पान. दाणे भरण्यासाठी लागणाऱ्या शर्करेचा मोठा वाटा ते पुरवते, म्हणून त्याची निवड झाली. आमचे घर निफाड तालुक्यातले, त्यामुळे गहू पिकताना मी लहानपणापासून पाहिलेला होता आणि "पान हिरवं आहे तोवर दाण्याची काळजी नाही," हे वडिलांचे म्हणणे मलाही पटलेले होते. नोंदींची पहिली आखणी मी याच समजुतीवर केली आणि तिथेच चुकले.

पहिल्या दोन फेऱ्यांत वाफ्यातली जी ध्वजपाने सारखी हिरवी दिसली, त्यांवर मी नोंदी घेतल्या. आकडे इतके विखुरलेले आले की त्यांतून काहीच अर्थ लागेना. माझ्या मार्गदर्शकांनी वही पाहून एवढेच विचारले, "या पानाचं वय किती?" मला ते सांगता आले नाही. मुख्य खोड आणि मागून आलेले फुटवे यांची ध्वजपाने एकाच दिवशी उघडत नाहीत, ही साधी गोष्ट मी आखणीत धरलीच नव्हती. मग उशिरा पेरलेल्या दुसऱ्या वाफ्यात नव्याने सुरुवात केली. ज्या दिवशी ओंबीतून परागकोश बाहेर डोकावले, त्या दिवशी मुख्य खोडाला लोकरीचा रंगीत धागा बांधायचा, वहीत तारीख लिहायची आणि पुढे दर चौथ्या दिवशी त्याच पानाकडे परत यायचे, असे ठरले.

प्रकाशसंश्लेषण मोजण्याच्या यंत्राला आमच्या विभागात सगळे 'इर्गा' म्हणतात. पानाचा तुकडा त्याच्या छोट्या कक्षात धरला की आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या फरकावरून पानाच्या प्रकाशसंश्लेषणाचा वेग कळतो. नोंदी सकाळी साडेनऊ ते अकरा याच वेळेत घ्याव्या लागत, कारण फेब्रुवारीतल्या दुपारी उन्हाने पर्णरंध्रे, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची पानावरची सूक्ष्म छिद्रे, काहीशी मिटतात आणि तेव्हा आलेली घट वयामुळे आहे की वेळेमुळे, हे सांगता येत नाही. पानाचा मधलाच भाग धरणेही तितकेच गरजेचे होते. गव्हाचे पान बुडाकडून वाढते, म्हणून त्याचे टोक सर्वांत जुने असते आणि पिवळेपणाही टोकाकडून खाली उतरतो. एकाच पानात अशी वेगवेगळी वये असतात, हे मला त्या धावपळीतही फार विलक्षण वाटले.

फुलोऱ्याच्या सुमारास चांगल्या पानांचा वेग, अपेक्षेप्रमाणे, दर चौरस मीटरला दर सेकंदाला २० ते २५ मायक्रोमोल येत होता. पुढे दाणे चिकात, म्हणजे आतून अजून दुधाळ असताना मात्र कोडे पडले. हरितद्रव्याचा अंदाज देणारे स्पॅड मीटर जवळजवळ तेच आकडे दाखवत होते, डोळ्यांना पान हिरवेगार दिसत होते आणि इर्गावरचा वेग स्पष्टपणे उतरलेला होता. मला यंत्रच बिघडले असे वाटले, म्हणून कक्षाची गळती तपासली, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारे सोडालाइम बदलले, शून्य पुन्हा जुळवले. तरीही फरक पडला नाही. मग पाण्याचा ताण असेल म्हणून पाळी दिली, तरीही तेच.

उत्तर त्याच वहीतल्या, मी दुर्लक्षित केलेल्या रकान्यात होते. घट केवळ पर्णरंध्रे मिटल्यामुळे असती, तर पानाच्या आतील पोकळ्यांमधला कार्बन डायऑक्साइड कमी व्हायला हवा होता, पण तो कमी झालेला नव्हता. म्हणजे वायू आत पोहोचत होता, तो पकडणारे विकर कमी पडत होते. हे विकर म्हणजे रुबिस्को. गव्हासारख्या पिकाच्या पानातील विद्राव्य प्रथिनांचा जवळजवळ अर्धा भाग त्याचाच असू शकतो, म्हणूनच ते नत्राचे कोठारही असते. दाणे नत्र मागू लागले की पान हे प्रथिन मोडून नत्र ओंबीकडे धाडते, आणि हे काम पिवळेपणा दिसण्याच्या बरेच आधी सुरू होते.

ही घट म्हणजे निव्वळ नुकसान, असे मी तोवर समजत होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने माझे मत बदलले. त्यात गव्हातील एका जनुकसमूहाचे काम मंदावल्यावर पाने तीन आठवड्यांहून अधिक उशिरा पिकली, पण दाण्यातील प्रथिने, जस्त आणि लोह ३० टक्क्यांहून अधिक घटले. पान जास्त दिवस हिरवे राहिले की दाणा आपोआप कसदार होतो, असे नाही.

मार्चच्या उन्हात शेवटच्या नोंदी भराभर उतरल्या. काही पानांवर आकडा उणे आला, म्हणजे पान जेवढा कार्बन डायऑक्साइड घेत होते त्याहून अधिक श्वसनातून सोडत होते. धागे सोडून मी ओंब्या पिशव्यांत भरल्या.

घरी हे सांगितल्यावर वडिलांनी विचारले, "मग युरियाची फवारणी पान पिवळं पडायला लागल्यावर घेतो, ती उशिरा होते का?" मी म्हणाले, "हो आबा, तोवर पानाचं निम्मं काम आटोपलेलं असतं. फवारणी घ्यायचीच असेल, तर ओंबीत फुलोरा दिसेल तेव्हाच घ्या."